पेपरातलं मत कुणाचं?

प्रश्न: पाणीपुरवठ्यावर पत्र पाठवलं होतं. आमच्या साप्ताहिकाने छापलं पण निम्मं कापून, आता वाचताना वाटतं मी नगरपालिकेचं कौतुकच केलंय. असं चालतं का?

कापलेलं चालतं हो, जागाच तेवढी असते. अर्थ फिरवलेला नाही चालत. मूळ पत्र आणि छापलेलं पत्र शेजारी शेजारी लावून आधी संपादकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जा, पण दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत दोनच महिने. अर्थात कौन्सिल फार तर कानउघाडणी करतं, दंड वगैरे नाही.

प्रश्न: ‘लेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ एवढं छापलं की संपादक मोकळे ना?

नाही. बदनामीची केस झाली तर संपादकाचंही नाव येतं.

प्रश्न: गावातल्या ठेकेदाराविरुद्ध एकाने पत्र दिलंय, सोबत कागदपण आहेत, पण नाव छापू नका म्हणतो. छापू का?

नाव झाका, गाव लहान असतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर माणसं जातात. पण तो कोण आहे हे तुम्हाला पक्कं माहीत हवं, आणि कागद खरे आहेत का हे स्वतः बघा, कारण कागद न तपासणं आपल्याकडे टिळक-आगरकरांनाही महागात पडलंय. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं त्यांनी खरी समजून छापली, ती निघाली बनावट, माफी मागूनही १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू चांगलाच होता, कागद खोटे होते. म्हणून छापायच्या आधी ठेकेदारालाही फोन करा, त्याचं म्हणणं त्याच अंकात त्याच पानावर घ्या. बोलायला तयार नसेल तर तसं लिहा.

प्रश्न: कारखान्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाची फुल पेज जाहिरात आणि आतल्या पानावर त्यांच्यावरच लेख. वाचकाने काय समजायचं?

जे तुम्ही समजलात तेच 😀 गंमत बाजूला, पण वाढदिवसाच्या जाहिराती आणि टेंडर नोटिसा बंद झाल्या तर छोटा पेपर महिनाभर टिकत नाही, हे मी बघितलंय, त्यामुळे जाहिरात घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मोठ्या पेपरांनी काय केलं ते आठवा, एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या पत्रकारांच्या नावाने, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडं पाडलं. पैसे घेतलेत ना, मग वर ‘जाहिरात’ लिहा, आणि ते चष्मा न लावता दिसेल एवढ्या टाइपात.