पेडल जाम, पाना गोल!

प्रश्न: माझी गिअरची सायकल दोन पावसाळे गॅलरीत भिजली, आता डावं पेडल बदलायचंय तर ते क्रँकमधून (पेडल ज्याला बसतं तो दांडा) सुटतच नाहीये. पान्याला लटकलो तरी हललं नाही, उलट पाना सटकून बोटं सोलली. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: अहो, आधी सांगा फिरवताय कुठल्या बाजूला? डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीसारखं सोडवायला गेलात तर तुम्ही ते अजून आवळताय, आणि बहुतेक तेच झालंय. सोपी खूण म्हणजे पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडलं अशीच सुटतात.

आता गंज. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, पेडलची दांडी स्टीलची, त्यात कोकणातली खारी हवा, मग दोघं एकमेकांना असे धरून बसतात की विचारू नका. गंज सोडवायचा स्प्रे दोन्ही बाजूंनी मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. तरी नाही तर क्रँकवर उकळतं पाणी ओता, अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं त्यामुळे पकड ढिली होते. पाना १५ मिलिमीटरचाच, नीट बसणारा, लांब दांड्याचा (अ‍ॅडजस्टेबल नको, त्यानेच कडा गोल होतात). टोक मागच्या चाकाकडे करून खाली दाबा, कोणाला तरी दुसऱ्या बाजूचं पेडल घट्ट धरायला सांगा. कट्ट करून आवाज आला की घाबरू नका, सुटलं! नवं बसवताना आट्यांना ग्रीस मात्र लावाच.