पोलंडवर हल्ला, आणि कंट्रोलची रांग गिरगावात

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यातली पाच घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका, जागाच तेवढी आहे.

सर, 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि महायुद्ध सुरू झालं असं पुस्तकात आहे. एका देशाने दुसऱ्यावर हल्ला केला तर लगेच सगळ्या जगाचं युद्ध कसं होतं? आणि त्यात आपण कुठून आलो? – अकरावीतला विद्यार्थी, सांगली

राजा, परीक्षेत तीच तारीख लिही, मार्क तिलाच आहेत. पण खरं सांगू का, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्येच चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले होते, कारण जपानने तिथं 1937 च्या जुलैपासून युद्ध पेटवलेलं होतं. म्हंजे सोलापूरच्या एका घरात हे युद्ध पोलंडच्या आधीच पोचलं होतं बघ, आणि कोटणीस परत आलेच नाहीत, 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले.

आता युरोपचं. 1938 च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, कोणी काही बोललं नाही. सप्टेंबरात म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग स्वतःच्या हाताने त्याला देऊन टाकला, आणि ज्यांचा देश त्या चेक लोकांना बैठकीत बसू पण दिलं नाही. सहा महिन्यांत प्रागसुद्धा गेलं. मग कुठे ब्रिटनचे डोळे उघडले आणि 31 मार्च 1939 ला त्यांनी पोलंडला हमी दिली. हमी म्हणजे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहतो ना आपण तसंच, सही करताना वाटत असतं की नुसतं नाव बघून समोरचा सरळ वागेल, आपल्यावर वेळ थोडीच येणारे. हिटलरला मात्र म्युनिकपासून खात्री झालेली की ही सगळी बोलाचीच कढी. 23 ऑगस्टला त्याने स्टालिनशी करार केला, त्यात पोलंड वाटून घ्यायचं गुपचूप ठरलं, आणि 31 च्या रात्री एसएस या हिटलरच्या खास दलाच्या माणसांनी आपणच पोलिश असल्याचं सोंग करून ग्लायवित्सच्या जर्मन रेडिओ केंद्रावर हल्ला केला, का तर सकाळी सांगता यावं की सुरुवात त्यांनी केली! 3 सप्टेंबरला सकाळी अकराला ब्रिटनने हल्ला थांबवायला दिलेली मुदत संपली आणि ब्रिटन युद्धात उतरलं, जामीनदाराच्या दारात वसुली आली.

आणि आपण? त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने जाहीर करून टाकलं की भारत पण युद्धात आहे. कायदेमंडळाला विचारलं नाही, काँग्रेसला विचारलं नाही, कोणालाच नाही. या निषेधात प्रांतांमधल्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईचं बाळासाहेब खेरांचं पण त्यातलंच.

आमची आजी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत 'कंट्रोल' म्हणायची, आणि सांगायची की लढाईत बर्मा गेला आणि आपला भात गेला. बर्माचा आणि गिरगावातल्या भाताचा काय संबंध? – एक वाचक, गिरगाव

ताई, आजी शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे तेव्हा दरवर्षी लाखो टन तांदूळ बर्मातून बोटीने यायचा, आणि 1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं की तो बंद. पण नुसता तांदूळ थांबला असता तर एवढं झालं नसतं. आधीची दोन-अडीच वर्षं मुंबईत उलट काम भरपूर, गिरण्या सैन्याच्या कापडासाठी दिवसरात्र चालू, लोकांच्या हातात नोटा खेळत होत्या, सरकार युद्धाच्या खर्चासाठी नोटा छापतच होतं. नोटा वाढल्या, माल मात्र सैन्याकडे जायला लागला, रेल्वेचे डबे पण सैन्याला, मग व्यापाऱ्याने पोती दाबून ठेवली, आणि आपण 'काळाबाजार' जो म्हणतो तो शब्द या काळात घराघरात गेला. 1943 च्या मेपासून मुंबईत रीतसर रेशनिंग सुरू झालं. भाव सरकारच्या कंट्रोलमध्ये म्हणून दुकानाचं नावच कंट्रोल पडलं, गावाकडे अजून म्हणतात की. मुंबईत निदान कार्ड तरी आलं, बंगालमध्ये त्याच वर्षी वीस ते तीस लाख माणसं उपासमारीने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी गेली, आणि आपण रेशनच्या गोष्टी सांगताना ते सारखं विसरतो.

खिडक्यांच्या काचांना काळे कागद, ब्लॅकआउट, हे आजीने सांगितलं असेलच. घड्याळ पण सुटलं नाही, 1942 च्या सप्टेंबरपासून सरकारने अख्ख्या देशाची वेळ एक तास पुढे नेली ती 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत. आणि 14 एप्रिल 1944 चा धमाका! व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागली होती, आत सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी भरलेल्या, हे डोकं कोणाचं देव जाणे. कापूस धुमसला आणि बोट उडाली. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले, बोटीतल्या सोन्याच्या विटा लांबलांब उडून पडल्या. जपानी विमान एकही आलं नव्हतं त्या दिवशी. आजही 14 एप्रिल अग्निशमन दिन म्हणून पाळतात तो याचमुळे.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला म्हणे पोलिश लोकांची वसाहत होती. पोलंडहून इथं कशाला येतील? – एक वाचक, इचलकरंजी

होती की, 1943 ते 1948, सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. पहिल्या उत्तरातला तो हिटलर-स्टालिनचा वाटणीचा करार आठवा, पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाने घेतला, तिथल्या लोकांना घरातून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं, आणि 1941 मध्ये जर्मनी रशियावरच उलटल्यावर त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे फिरतफिरत काही जण इथं आले. ज्या पोलंडवरून सगळं पेटलं तिथली पोरं पंचगंगेच्या काठी शाळा शिकली. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, इचलकरंजीहून किती लांब, जाऊन या.

आईच्या डब्यात मधे भोक असलेला तांब्यासारखा पैसा सापडला. नकली आहे का? – एक वाचक, नाशिक

नकली नाही हो, 1943 पासून निघालेला भोकाचा पैसा तो, रुपयाला चौसष्ट. युद्धात धातू कमी पडला म्हणून मधला भाग काढून टाकला. चांदीचं पण तेच, 1940 पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची कागदी नोट परत निघाली. फार पैसे मिळतील अशा आशेवर मात्र राहू नका.

आम्ही लालबागला पागडीच्या चाळीत राहतो. भाडं इतकं कमी की मालक भेटला की तोंड फिरवतो. हा पण महायुद्धाचाच प्रताप असं सासरे म्हणतात, चेष्टा करतायत का? – एक वाचक, लालबाग

नाही, चेष्टा नाही. युद्धात मुंबईत माणसांची गर्दी झाली, भाडी भडकली, म्हणून सरकारने भाडी बांधून टाकली, तात्पुरती म्हणून. युद्ध संपलं तरी गर्दी काही संपली नाही. मग 1947 चा भाडे कायदा आला आणि त्यात प्रमाण भाडं धरलं ते 1 सप्टेंबर 1940 चं. त्या दिवशी जे भाडं होतं ते होतं, आणि ते पुढे पन्नासेक वर्षं तिथंच. बाजारभाव आणि भाडं यांच्यात जे अंतर पडलं त्यातून ही पागडी, म्हणजे जागा मिळवायला भाड्यावेगळी द्यायची एकरकमी रक्कम, फोफावली, आणि दुरुस्तीला मालकाने हात आखडता घेतला तो पण त्यामुळेच, त्याची बाजू अगदीच खोटी नाही हं. 1999 च्या नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आली, पण मूळ आकडा जर 40 सालचा असेल तर चार टक्के वाढून वाढून किती वाढणार?

सासऱ्यांना सांगा भाड्याच्या जुन्या पावत्या जपून ठेवा, आणि त्यात 40 सालची एखादी निघाली तर मला फोटो नक्की पाठवा.