अप्पर लिंबच्या (हाताच्या) नर्व्ह इंज्युरी पाठ होतात, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळी गडबड होते. लक्षात कसं ठेवायचं?

फर्स्ट इयरला माझंही हेच व्हायचं. रेडियल नर्व्ह गेली की रिस्ट ड्रॉप (मनगट लोंबकळतं), अल्नर गेली की क्लॉ हँड (करंगळी-अनामिका नख्यांसारखी वाकतात), एवढं तोंडपाठ. मग सर विचारायचे, "रिस्ट ड्रॉप आहे, पण कोपर सरळ होतंय. नर्व्ह कुठं दुखावली?" तिथं माझी गाडी अडायची.

डोक्यात उजेड पडला तो आमच्या रानातल्या पाइपलाइनमुळं. पंचगंगेवरनं आणलेली पाइप, वाटेत ठिकठिकाणी फाटे. पाइप फुटली की अलीकडच्या फाट्यांना पाणी मिळतं, पलीकडचं रान वाळतं. नर्व्हचं तसंच. कुठल्या नर्व्हनं काय होतं हे घोकण्यापेक्षा कुठला फाटा कुठं सुटतो ते बघा.

ऊसतोडीच्या दिवसांत एक पोरगा आला होता. रात्री कारखान्यावर ट्रॉलीचा नंबर लागेना, म्हणून दंड फाळक्यावर टाकून तिथंच झोपला. पहाटे उठला तर मनगट लोंबकळतंय, चहाचा कप धरता येईना. घरचे 'अंगावरनं वारं गेलं' म्हणून रडकुंडीला आलेले. तोंड सरळ, बोलणं स्वच्छ, पाय ठीक, म्हणजे वारं नव्हे. कोपर सरळ करायला लावलं, ताकदीनं केलं. ट्रायसेप्सचे (कोपर सरळ करणारा स्नायू) बहुतेक फाटे रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडामागच्या खाचेत, स्पायरल ग्रूव्हमध्ये, शिरण्याआधीच सुटतात, म्हणजे दाब त्यांच्या पलीकडं. ब्रॅकिओरेडियालिस (कोपर वाकवायला मदत करणारा स्नायू) मात्र गप्प, आणि त्याचा फाटा कोपराच्या वर सुटतो. अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात मागच्या बाजूला बधिर. झालं, जागा दंडातच सापडली. नर्व्ह तुटली नव्हती, नुसती दबली होती (न्यूराप्रॅक्सिया). मनगट वर धरून ठेवणारा कॉक-अप स्प्लिंट दिला, काही आठवड्यांत मनगट उचललं. खरोखर अ‍ॅक्झॉन (नर्व्हमधले तंतू) तुटले असते तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या चालीनं वाढायला कित्येक महिने गेले असते.

आता हीच नर्व्ह कोपराच्या खाली, तिच्या पोस्टिरिअर इंटरऑसिअस या फाट्याला दुखावली तर? मनगट उचलतं, पण अंगठ्याच्या बाजूला तिरकं, कारण ईसीआरएलचा (मनगट अंगठ्याच्या बाजूनं उचलणारा स्नायू) फाटा आधीच सुटलेला. बोटं मात्र मुळातून सरळ होत नाहीत. आणि कातडीची संवेदना शाबूत. परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे हा.

एक खाच सांगतो. मनगट लोंबकळत असताना बोटं फाकवायला सांगितलीत तर इंटरऑसिआय (बोटं फाकवणारे अल्नरचे छोटे स्नायू) कमजोर वाटतात आणि तुम्ही बिचाऱ्या अल्नरला दोष देऊन मोकळे. पंजा टेबलावर सपाट ठेवा, मग तपासा.

अल्नरमध्ये पोरं हमखास घसरतात. मनगटाशी कोयता लागला तर क्लॉ जास्त दिसतो, कोपराशी नर्व्ह गेली तर कमी. वरची जखम मोठी, व्यंग छोटं! कारण करंगळी आणि अनामिकेची टोकं वाकवणारा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा भाग कोपराशीच्या जखमेत बंद पडतो. ओढणारंच कोणी नाही तर बोट वाकणार कसं? म्हणून कोपराची नर्व्ह भरून येताना क्लॉ मधेच वाढतो. पेशंटला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्या डॉक्टरकडं जातो. मनगटाच्या जखमेत करंगळीच्या बाजूची हाताची पाठ बधिर होत नाही, कारण डॉर्सल क्युटेनिअस फाटा मनगटाच्या आधीच सुटून मागं गेलेला असतो.

मीडियन नर्व्हलाही तेच सूत्र. कार्पल टनेलची (मनगटाच्या बोगद्यात ही नर्व्ह दबलेली) बाई रात्री हात झटकत उठते, बोटं बधिर, पण अंगठ्याच्या बुडाशी तळहाताला स्पर्श नीट कळतो. पामर क्युटेनिअस फाटा टनेलमधून जातच नाही. बोटं वाकडी दिसली तर फक्त एक विचारा: मूठ वळताना दिसतात की हात सैल असताना? मूठ वळताना तर्जनी-मधलं बोट ताठ राहिलं तर मीडियन वर कुठंतरी, सैल हातात करंगळी-अनामिका वाकडी तर अल्नर.

खांद्याचं मात्र मी चुकून शिकलोय. रेसिडेंट असताना तालमीतला एक पैलवान खांदा निखळून आला. दुखण्यानं ओरडत होता, मी घाईनं खांदा बसवला. नंतर बघतो तर खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हलेना. अ‍ॅक्झिलरी (डेल्टॉइड चालवणारी) नर्व्ह कुस्तीत गेली की माझ्या ओढण्यानं, हे कागदावर कुठंच नव्हतं, कारण आधी तपासलंच नव्हतं. वरिष्ठांनी भर वॉर्डात कान उपटले, ते योग्यच होतं. तेव्हापासून खांदा बसवायच्या आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवतो. तेवढ्यावर भागत नाही, नर्व्ह दुखावलेली असूनही स्पर्श कळू शकतो. म्हणून डेल्टॉइडवर हात ठेवतो, "कोपर माझ्या हाताविरुद्ध बाहेर दाब" म्हणतो, आणि स्नायू ताठ झाला की नाही ते वेळेसकट केसपेपरवर लिहितो.