जळगावात तळघरासह नवं घर बांधतोय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणारा भाऊ म्हणतो, रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू घरात साचतो का ते तपासा. आपल्याकडे खरंच गरज आहे का?

घाबरण्यासारखं फार नाही. पण तुम्ही तळघर करताय, म्हणून दुर्लक्षही करू नका. मी भुसावळला बरीच वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. हा प्रश्न लोक घर बांधून झाल्यावर विचारतात, तुम्ही कोबा पडायच्या आधी विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला.

तुमचा भाऊ पेनसिल्व्हेनियात राहतो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्याची काळजी उगाच नाही. १९८४ साली त्याच राज्यातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस या इंजिनीअरमुळे किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राची घंटा वाजू लागली. शोध घेतला तर दोष केंद्राचा नव्हताच, तो माणूस किरणोत्सर्गी कण घरून अंगावर घेऊन येत होता. त्याच्या घरातल्या हवेत घनमीटरला सुमारे १ लाख बेक्वेरेल रेडॉन निघाला. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातलं प्रमाण १०० च्या आत असावं, आणि ते शक्यच नसेल तरी ३०० च्या वर जाऊ नये.

हा वायू येतो जमिनीतून. खडकात, मातीत थोडं युरेनियम असतंच. त्याचं हळूहळू रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. रंग नाही, वास नाही, आणि पावणेचार दिवसांत निम्मा संपतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो, बंद खोलीत साचतो. रेडॉन श्वासाबरोबर आत जातो तसा बराचसा बाहेरही पडतो. खरा घात करतात ते त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे अणू. ते धुळीच्या कणांना चिकटतात, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बसतात आणि तिथेच फुटतात. त्यातून निघणारा अल्फा कण कागदानेही अडतो, पण अस्तराच्या पेशीला मधे कागद नसतो. फुप्फुसाचा कर्करोग होतो तो यातून.

आता आपली जमीन. खानदेशाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, पण तो गाळही बराचसा याच खडकाचा. ग्रॅनाइटमध्ये टनामागे साधारण ३ ते ५ ग्रॅम युरेनियम असतं, बेसाल्टमध्ये १ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे मुळातच आपल्या पायाखाली माल कमी. ओट्याला ग्रॅनाइट बसवलं तर काय, असं बरेच जण विचारतात. एवढ्याशा दगडातून येणारा रेडॉन जमिनीतून येणाऱ्याच्या मानाने नगण्य असतो, बिनधास्त बसवा.

मग तळघराचं मी एवढं का बोलतोय? कारण आपली काळी माती. पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घराची फरशी उचलते, भिंतीला तडे जातात, हे जळगाव-धुळ्यात कोणाला नवं नाही. आपण तडा पाहून घर किती टिकेल याची चिंता करतो. रेडॉनला मात्र तीच वाट असते. फरशीचा तडा, पाइपाभोवतीची फट, तळघराच्या भिंतीचा सांधा. तळघराला तर खालून आणि चारही बाजूंनी माती लागलेली, आणि खिडकी बहुधा नाहीच.

मोकळ्या घराला हवा वाचवते. इथे मला आपल्या कूलरचं कौतुक वाटतं. ४५ अंशांच्या उन्हात खिडकीला लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, खोलीत थोडा दाब तयार होतो आणि जमिनीतली हवा आत शिरायला मागे सरते. एसीचं उलट आहे, तो दारं-खिडक्या लावून तीच हवा फिरवतो. मुलाने आणलेला डिजिटल मीटर मी डिसेंबरात आमच्या मागच्या बंद खोलीत ठेवला होता. रात्रभरात आकडा चढायचा, सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की उतरायचा. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीटर किमान तीन महिने ठेवा, त्यात थंडीचे दिवस येऊ द्या, आणि माणसं जिथे झोपतात किंवा बसतात त्या सर्वांत खालच्या खोलीत ठेवा. तळघरात फक्त धान्य आणि अडगळ राहणार असेल तर चिंता आणखी कमी. मुलांची अभ्यासाची खोली करणार असाल तर मोजल्याशिवाय करू नका.

गवंड्याला मात्र आत्ताच सांगा. तळाशी मुरूम दाबून झाल्यावर चार इंच स्वच्छ खडीचा थर, त्यात भोकं पाडलेला पाइप आडवा. वर जाड प्लास्टिक कागद, जोडावर फूटभर एकमेकांवर घेऊन चिकटवलेला, आणि मग काँक्रीट. त्या आडव्या पाइपाला चार इंची उभा पीव्हीसी पाइप जोडून गच्चीच्या वर काढा, खिडक्यांपासून लांब. सगळे सांधे आणि पाइपाभोवतीच्या फटी भरून घ्या. पुढे आकडा जास्त आलाच तर गच्चीवर त्याच पाइपाला छोटा पंखा बसतो आणि फरशीखालची हवा घरात न येता वर निघून जाते. तयार घरात हेच करायला फरशी फोडावी लागते.

घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही लिहा. दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, पण ओढणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा असल्याने रेडॉनमुळे होणारं नुकसान त्याला न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतं. वडील ओढत असतील, तर पाइपाच्या आधी त्यांच्याशी बोला. आणि तळघराची लांबी-रुंदी, खोदताना किती फुटांवर मुरूम लागला, हे कळवलंत तर आडवा पाइप कुठून न्यायचा ते मी सांगू शकेन.