कासवाचं पिल्लू: आधी ऊब, मग खाऊ

मुलीसाठी दहा रुपयांच्या नाण्याएवढं कासवाचं पिल्लू आणलं. डोळ्यांमागे लाल पट्टा आहे. दुकानदाराने प्लॅस्टिकचं पसरट भांडं, त्यात नारळाचं खोटं झाड आणि सुक्या कोळंबीची डबी दिली. आठ दिवस झाले, तोंड लावत नाही. काय करू? (वाचक, पुणे)

लाल पट्टा म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. खाऊ बदलण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवा. कासवाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. पाणी २० अंशांच्या आसपास आलं की पचन मंदावतं आणि भूक मरते. पिल्लाला २६ ते २८ अंश लागतात, आणि त्या भांड्यात हीटर बसतच नाही. भांडं झाडासकट बाजूला ठेवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी घ्या. सुरुवातीला सहा इंच पाणी भरा, म्हणजे साधारण २७ लिटर. त्याला थर्मोस्टॅट असलेला ५० वॅटचा हीटर पुरतो. तो तळाशी आडवा लावा, पूर्ण बुडालेला हवा. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं प्लग काढून ठेवा. हीटरची तापलेली काच उघडी पडली की तडकते.

एका टोकाला पूर्ण कोरडा ओटा आणि त्यावर चढायला खरखरीत उतार करा. त्याच्या वर हॅलोजनचा दिवा लावा. एलईडी चालणार नाही, उजेड पडतो पण ऊब मिळत नाही. ओट्यावर, कासवाच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश भरले पाहिजेत. शेजारी ५ टक्के यूव्हीबीची (उन्हात असतात त्या अतिनील किरणांची) नळी २५-३० सेंटिमीटरवर लावा, मध्ये काच नको. दोन्ही दिवे दिवसाला बारा तास. नळी पेटत असली तरी तिचं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून वर्षाच्या आत बदला.

एक चूक फार घडते. ओटा आणि काच यांच्यात बोटभर फट राहते, पिल्लू त्यात अडकतं आणि बुडून मरतं. कासव बुडतं हे विचित्र वाटेल, पण त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. तळाला खडे घालायचेच तर पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे घाला, बारीक खडे ते गिळतं.

नळीऐवजी गॅलरीतलं ऊन चालेल का? (वाचक, ठाणे)

चालेल, पण खिडकीच्या काचेतून आलेलं नाही. काच यूव्हीबी अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात वीस मिनिटं, टबात थोडं पाणी घालून, अर्ध्या टबावर पुठ्ठ्याची सावली करून ठेवा. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं. वर जाळी हवीच. कावळ्याला हा घास आयता मिळतो.

दोन महिने फक्त सुकी कोळंबी देतोय. डोळे सुजून मिटले आहेत, पाठ मऊ लागते. (वाचक, नाशिक)

डोळे सुजणं बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, कधी घाण पाण्यामुळेही. पाठ मऊ पडते ती कॅल्शियम आणि यूव्हीबी न मिळाल्याने. सुक्या कोळंबीवर ना 'अ' जीवनसत्त्व भागतं, ना कॅल्शियम. पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण हलक्या दाबाने खळगा पडत असेल तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जीवनसत्त्वाचे थेंब मनाने देऊ नका, जास्त झाले तर विषारी ठरतात.

रोजचा खाऊ म्हणजे कासवांसाठीचे पेलेट्स (तयार खाऊच्या गोळ्या), सगळे मिळून डोक्याच्या आकाराएवढे, दिवसातून एकदा. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेनाचा (कटलबोनचा) तुकडा सोडा, ते कुरतडत राहील. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पिल्लू एका अंगावर कलून पोहत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील तर तो बहुधा फुप्फुसाचा आजार, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तीन दिवसांत पाण्याला वास येतो. (वाचक, कोल्हापूर)

टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर लावा आणि खाऊ वेगळ्या टबात घाला. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की घाण पचवणारे जिवाणू मरतात, म्हणून काढलेल्या पाण्यातच पिळा. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. त्यापायीच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. मुलीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

मोठं झालं की तळ्यात सोडलं तर? आणि शेतातल्या विहिरीत सापडलेलं कासव पाळता येईल? (वाचक, सातारा)

दोन्हींना नाही. स्लायडरची मादी फूटभर होते, वीस-तीस वर्षं जगते आणि तळ्यातल्या आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावते. जगातल्या १०० सर्वाधिक उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. विहिरीतलं कासव देशी असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरी ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाला १९२६ वर कळवा.