त्वचेच्या पेशी तपासून स्किझोफ्रेनियाचं निदान होतं का? सोलापुरात अशी टेस्ट कुठे करून मिळेल?

नाही, निदान होत नाही. त्यामुळे सोलापुरात काय, पुण्या-मुंबईतही यासाठी पैसे भरू नका. ही पद्धत सध्या फक्त संशोधनाची आहे. मी इथे कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवतो, पेशी वाढवणं हे रोजचं काम, म्हणून सांगतो. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा नुसत्या संशोधनासाठी काढता येत नाही आणि मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूवर अनेक वर्षांच्या औषधांचा परिणाम असतो. दंडाच्या आतल्या बाजूला भूल देऊन 3-4 मिलिमीटरचा तुकडा घेतला, की त्यातून फायब्रोब्लास्ट म्हणजे त्वचेला आधार देणाऱ्या पेशी बशीत पसरायला लागतात. त्यांच्यात आणि मेंदूच्या पेशींत डीएनए तोच, फक्त कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद हे वेगळं. आपल्या चादरीच्या जकार्डसारखं समजा: दोरे सगळे मागावर असतातच, कुठला उचलला जातो त्यावर नक्षी ठरते. रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या पेशींतला हाच फरक मोजतात. 2011 साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटने अशाच पेशी आधी मूळपेशींत (ज्यांपासून शरीरातली इतर पेशी घडवता येते) बदलून त्यांपासून चेतापेशी, म्हणजे मेंदूत असतात तशा पेशी, बनवल्या. रुग्णांच्या चेतापेशींमध्ये आपसातली जोडणी कमी दिसली. पण रुग्ण होते अवघे 4! शिवाय नुसती त्वचेची पेशी म्हणजे मेंदूची पेशी नव्हे. चेतापेशीत चालू असलेली बरीच जनुकं तिच्यात बंदच असतात.

निदान आजही लक्षणं, त्यांचा कालावधी आणि घरच्यांकडून मिळालेली माहिती यांवरूनच होतं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, जाताना आधीचे केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या.