कॅमेरा नंतर घ्या, आधी वर्ग कुठे अडतोय ते शोधा

ताई, तुम्ही एकातच चार गोष्टी विचारल्या आहेत. शाळेला लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही मिळाला, वर दहा हजार रुपये उरलेत, त्यातून कॅमेरा घ्यावा की अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर? पाचवी-सहावीच्या गणित-विज्ञानाचे सगळे धडे व्हिडिओत कसे करावेत? व्हिडिओत मराठी अक्षरं फुटतात, त्याला काय करावं? आणि यूट्यूब चॅनेल कधी सुरू करावं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गासाठी असं साहित्य बरीच वर्षं बनवते आहे आणि केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांनाही त्यात मदत करते. त्यावरून जे ठाम वाटतं ते लिहिते.

सगळे धडे करायचा विचार सोडून द्या. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर साहित्य उघडतं, ही सोय २०१७ पासून वाढत गेली आहे. विज्ञानाच्या साध्या, टाकाऊतून केलेल्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या छोट्या फिल्म आहेत, त्यातल्या कितीतरी मराठीत आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून बनवलेले फेट नावाचे संगणकीय प्रयोग फुकट आहेत, त्यातलेही पुष्कळ मराठीत मिळतात आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. तराजू, अपूर्णांक, विद्युत परिपथ हे सगळं तिथे तयार आहे आणि मुलांना स्वतः हलवून बघता येतं. ते पुन्हा बनवण्यात तुमच्या रात्री घालवू नका. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यानंतर माझ्याकडे कितीतरी जण ‘क्यूआर कोड कसा बनवायचा’ एवढंच विचारत आले. कोड दोन मिनिटांत बनतो. तो स्कॅन केल्यावर मुलाच्या हाती काय लागतं, सगळी मेहनत तिथे आहे.

मग तुम्ही काय बनवायचं? दुसरा कोणी बनवू शकणार नाही ते. म्हणजे तुमच्या वर्गाची नेमकी अडचण आणि तुमच्या गावातली गोष्ट.

अडचण शोधायला चाचणीचे पेपर काढून बसा. एकच चूक वर्गातल्या निम्म्या मुलांनी केलेली दिसली की तिथे तुमचा पहिला व्हिडिओ आहे. माझ्याकडचं उदाहरण कोनमापकाचं आहे. साठ अंशांचा कोन मोजायला दिला की एकशे वीस लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. फळ्यावर मोठा लाकडी कोनमापक धरून कितीही समजावलं तरी ती कमी होत नाहीत, कारण मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक वेगळा असतो. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून शून्यापासून सुरू होणारी आणि एक उजवीकडून. शिवाय बऱ्याच कोनमापकांची शून्याची रेघ प्लॅस्टिकच्या कडेवर नसते, थोडी वर असते. मुलं कड भुजेवर टेकवतात आणि उत्तर चुकतं. हे बारीक काम चौथ्या बाकावरून दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा इथे खरा उपयोगी पडतो, कारण तो सगळ्या वर्गाला एकाच वेळी माझ्या हाताजवळ आणून बसवतो.

व्हिडिओ असा केला. दोन स्टुलांवर एक फळी आडवी टाकली, मोबाइल तिच्यावर स्क्रीन वर करून ठेवला, मागची लेन्स कडेबाहेर. खाली पांढरा कागद, त्यावर काळ्या स्केचपेनने काढलेला कोन. चित्रात हात खालच्या बाजूने यायला हवा, म्हणजे मुलाला तो स्वतःच्या हातासारखा दिसतो. वरून आला तर मुलं मनात चित्र उलटं करत बसतात. कोनमापक पारदर्शक असल्यामुळे त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि आकडे दिसेनासे होतात, म्हणून ट्यूब बंद करून खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला. (ट्यूबखालीच चित्रीकरण करावं लागलं आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर पन्नास हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे.) मध्यबिंदू शिरोबिंदूवर ठेवला, शून्याची रेघ भुजेवर आणली, बोट दुसऱ्या भुजेवरून आकड्यांपर्यंत नेलं आणि तिथे थांबले. तिथे एकदा साठ दिसतं, एकदा एकशे वीस. व्हिडिओत मी उत्तर सांगत नाही. ‘कोणता वाचायचा?’ एवढं विचारते आणि चित्र स्थिर राहतं. त्या जागी मी टीव्ही थांबवते आणि वर्ग भांडतो. कोणीतरी म्हणतं, कोन काटकोनापेक्षा लहान दिसतोय, मग एकशे वीस कसा? दुसरा म्हणतो, भुजेवर ज्या ओळीचा शून्य आहे तीच ओळ वाचायची. हे वाक्य मुलाच्या तोंडून येणं माझ्या तोंडून येण्यापेक्षा फार मोलाचं आहे. मग पुढचा कोन, यावेळी डावीकडे उघडणारा.

सगळा व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत. मागे संगीत नाही, नावं फिरत येत नाहीत, ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’ नाही. विद्यार्थी मित्र समोरच बसलेले असतात.

लांबीबद्दल एक संशोधन माहीत असू द्या. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संस्थळावर ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक टिकून पाहतात, लांबले की सोडून देतात. ती माणसं मोठी होती आणि घरी बसून पाहत होती. वर्गात तुम्ही शिक्षक म्हणून हजर आहात, त्यामुळे सहा मिनिटंही मला जास्त वाटतात. व्हिडिओने दाखवायचं, बोलायचं काम तुमचं आणि मुलांचं.

दुसरं रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञांचं. चित्र, शब्द आणि आवाज एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर त्यांनी कित्येक वर्षं प्रयोग केले. चित्र चालू असताना तुम्ही जे बोलता तेच वाक्य शब्दशः पडद्यावर लिहू नका, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. मूल वाचायला लागतं आणि चित्र बघायचं राहतं. पडद्यावर फक्त नवी संज्ञा येऊ द्या, ‘शिरोबिंदू’, ‘भुजा’, बाणासह, त्या त्या जागेशेजारी. भाषेच्या तासाला मात्र हा नियम सैल करा. वाचायला शिकणाऱ्या मुलाला किंवा घरी वेगळी बोली असलेल्या मुलाला ऐकताना अक्षरं दिसली तर फायदाच होतो.

आता पैशांचं. कॅमेरा घेऊ नका, अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर तर अजिबात नको. तुमचा मोबाइल पुरेसा आहे. पहिला खर्च वायरच्या कॉलर माइकवर करा, तो हजाराच्या आत येतो. चित्र जरा अंधुक असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमला की दोन मिनिटांत वर्ग उठतो. रेकॉर्डिंग वर्गात करू नका, रिकाम्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात. घरी गोधड्या-उशा ठेवलेल्या खोलीत बसा, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. सुरुवातीला पाच सेकंद काहीच न बोलता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर त्या शांततेचा नमुना घेऊन मागची घरघर पूर्ण रेकॉर्डिंगमधून कमी करतं. नमुनाच नसेल तर त्याला काय काढायचं ते कळत नाही. आणि वर्गात बोलता तसंच बोला. माइक समोर आला की आपले शिक्षक आकाशवाणीच्या बातम्यांसारखे बोलू लागतात आणि मुलांना त्या आवाजात आपल्या बाई सापडत नाहीत.

उरलेल्या पैशांतला मोठा भाग बाहेरच्या स्पीकरवर घाला. टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा मागे किंवा खाली तोंड करून असतात. वर पत्रा असेल आणि पाऊस लागला तर मागच्या बाकांपर्यंत काही पोचत नाही.

अक्षरं फुटण्याची कारणं दोन. एक, तुम्ही जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड (सगळ्या सॉफ्टवेअरना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल तर तो मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवल्यावर अगम्य चिन्हं होणारच. आजपासून सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. दोन, काही व्हिडिओ एडिटरना जोडाक्षरं आणि वेलांटी नीट मांडता येत नाही, ‘शक्ती’चा ‘शक्‌ती’ होतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. उपाय सोपा आहे. मजकूर पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्समध्ये लिहा, ती स्लाइड चित्र म्हणून जतन करा आणि ते चित्र व्हिडिओत घाला. चित्रातलं अक्षर फुटत नाही.

तुमच्या शाळेत पहिली-दुसरीचे शिक्षक हे करणार असतील तर त्यांना फॉन्ट निवडताना ल आणि श बघायला सांगा. पुष्कळ फॉन्टमध्ये हे दोन्ही हिंदी वळणाचे असतात, आणि मूल पाटीवर मराठी वळण गिरवत असतं. अक्षरओळखीच्या टप्प्यावर पडद्यावरचा ल वेगळा आणि पाटीवरचा वेगळा असणं बरोबर नाही. टिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवरचा फुकट फॉन्ट मराठी वळण पाळतो. वरच्या वर्गांना मुक्त किंवा बालू चालतील, लांबून स्वच्छ वाचता येतात. वर्गाला पडदे नसतील तर पांढऱ्यावर काळं लिहा. गडद पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरं घरी लॅपटॉपवर छान दिसतात, दुपारी बाराच्या उन्हात टीव्हीवर नुसती खोलीची प्रतिबिंबं दिसतात.

शाळेत न्यायच्या आधी फाइल एमपी-फोर स्वरूपात, ७२० पिक्सेलवर काढा. पेनड्राइव्हवरून टीव्हीला ती सहसा चालते. तरी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर लावून बघाच, आणि सर्वात मागच्या बाकावर बसून बघा.

वेळेचा प्रश्न खरा आहे. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं यातून उरतं किती, हे मी रोज बघते. म्हणून महिन्याला एकच व्हिडिओ ठरवा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाटून घ्या. तुम्ही कोन करा, शेजारच्या शाळेचे सर अपूर्णांक करतील. फाइलला नाव देताना इयत्ता, विषय, घटक लिहा, ‘नवीन फायनल’ नको, म्हणजे पुढच्या वर्षी सापडेल.

यूट्यूबची घाई मला पटत नाही. वर्गात शिकवताना दुसऱ्याचं चित्र किंवा उतारा वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे, पण तेच जगासमोर टाकणं वेगळं. तिथे स्वतःची चित्रं वापरा, किंवा विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या चित्रसंग्रहातली, परवान्याप्रमाणे श्रेय देऊन. चित्रपटगीत मागे लावू नका. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या, तीही ‘सही करा’ म्हणून नाही, व्हिडिओ दाखवून आणि कुठे जाणार आहे ते सांगून. नको म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला गटाबाहेर काढू नका. त्याला आवाज द्या, लेखन द्या.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते मुलांनी बनवलेलं साहित्य. मापनाचा घटक आला की सहावीच्या मुलांना गटाने गावात पाठवते. एकाने मोबाइल धरायचा, एकाने विचारायचं, दोघांनी लिहायचं. घरातली शेर, अधोली, पायली अशी जुनी मापं शोधायची आणि आजी-आजोबांकडून ती वापरून घ्यायची. एका गटाने आजीला ज्वारी मोजताना टिपलं. ती पायली शीग लावून भरते, म्हणजे वर ढीग येईपर्यंत. मुलांनी तीच ज्वारी घरी वजनकाट्यावर घातली, मग काठोकाठ सपाट भरून पुन्हा घातली आणि दोन्ही वजनं वहीत शेजारी लिहून आणली. धारकता आणि वस्तुमान यांतला फरक, प्रमाणित मापाची गरज, सगळं त्या वहीवरून शिकवता आलं. तो व्हिडिओ हलतो, मध्ये कोंबडी ओरडते, आजी दोनदा ‘हे चालू हाय का’ विचारते. मी एक सेकंदही कापला नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तो बघितला आणि आपल्या घरी वेगळं माप आहे म्हणून दुसऱ्या दिवशी घेऊन आली.

या महिन्यात एवढंच करा: शेवटच्या चाचणीचे पेपर काढा, निम्म्या वर्गाची एक चूक निवडा, आणि तिच्यावर दोन मिनिटांचं काहीतरी टिपा. झालं की इथे टाका. आवाज आणि अक्षरं मी बघून सांगेन. कोणत्या जागी थांबायचं ते मात्र आधी तुमच्या वर्गात लावून बघा, ते मला इथून कळणार नाही.